‘तू काय करतेस?’

१९८२ सालची गोष्ट. मी तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या विषयाची एक अखिल भारतीय परिषद भरणार होती आणि आमचे गाईड वर्गातल्या आम्हा दोघी मुलींना तिथे घेऊन जायला तयार झाले होते. वडिलांनी मुक्काम कुठे, सोबत कोण, परत कधी, असे तीनतीनदा विचारून मग परवानगी दिली. आईने पुऱ्या आणि लोणच्याचा डबा बांधून दिला. आयुष्यात पहिल्यांदाच मी इतके शास्त्रज्ञ एका छताखाली पाहिले. तीन दिवस आम्ही दोघी शेवटच्या रांगेत बसलो, एकमेकींशीच बोललो आणि जेवणाच्या वेळी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो.

तिसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी, सुती साडी नेसलेल्या, केसांत पांढऱ्या बटा असलेल्या एक बाई माझ्यापाशी थांबल्या. गळ्यात परिषदेचा बिल्ला होता. त्यांनी अगदी घरच्यासारखे विचारले, “तू काय करतेस गं?”

मी म्हणाले, “काही नाही, मॅडम.”

त्या हसल्या, एक क्षण थांबल्या आणि कप ठेवून निघून गेल्या.

आता मी खरोखर काय करत होते ते सांगते. अकरा महिने मी दर आठवड्याला मंडईमागच्या नाल्याचे पाणी बाटल्यांत भरून आणत होते. टायफॉइडच्या जंतूंना मारणारे विषाणू त्या पाण्यात सापडतात का, ते शोधत होते. अशा विषाणूंना फाज म्हणतात. काचेच्या बशीत जंतूंचा धुरकट थर वाढवायचा, त्यावर गाळलेले पाणी सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या थरात टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ छिद्रे पडली आहेत का ते पाहायचे. मला ती छिद्रे दिसली होती. त्या दिवशी मी वसतिगृहापर्यंत पळत गेले होते. आणि ज्यांना ते ऐकण्यात खरोखर रस असता, त्यांना मी सांगितले, “काही नाही.” परतीच्या गाडीत परिषदेची स्मरणिका चाळताना मला कळले, की त्या बाई टायफॉइडच्या फाजवरच काम करत होत्या.

पुढे मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवू लागले. तीस वर्षे शिकवले, समाधानाने शिकवले. त्या दोन शब्दांनी माझे आयुष्य वाया गेले असा कांगावा मला करायचा नाही. पण ते ‘काही नाही’ मी नंतर शेकडो मुलामुलींच्या तोंडून ऐकले. म्हणून आज या विषयावर लिहावेसे वाटते.

मेळावे वाढले, पण...

हल्ली संशोधन परिषदा आणि करिअर मेळावे यांचा सुकाळ आहे. आमच्या वेळी वर्षातून एखादी परिषद कानावर यायची. आता जवळपास प्रत्येक कॉलेजात काही ना काही होते. ‘आविष्कार’ हा विद्यापीठांमधला संशोधन महोत्सव महाराष्ट्रात २००६ पासून भरतो. त्यात पदवीच्या मुलांनाही आपले काम मांडता येते आणि वैद्यक व औषधनिर्माण यांचा त्यात स्वतंत्र विभाग असतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास अनेक संशोधन संस्था सर्वांसाठी दारे उघडतात. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय आला आहे. म्हणजे विशीतल्या मुलांना संशोधनाची चव मिळण्याची सोय कागदावर तरी झाली आहे.

पण असा मेळावा प्रत्यक्षात कसा होतो? निवृत्तीनंतर मी एका कॉलेजात ‘जैववैद्यकीय क्षेत्रातील संधी’ या विषयावरच्या मेळाव्याला गेले होते. कॉलेजचे नाव सांगत नाही, कारण ते कुठलेही असू शकले असते. अकराची वेळ होती. पाहुणे पावणेबाराला आले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. प्रमुख पाहुण्यांनी पंचेचाळीस मिनिटे भाषण केले. त्यात ‘स्वप्ने मोठी पाहा’ हे वाक्य चार वेळा आले. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी वीस मिनिटांचे अध्यक्षीय समारोपाचे भाषण केले. त्यानंतर सूत्रसंचालक म्हणाले, वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येणार नाहीत. आभार मानले गेले, पाहुणे प्राचार्यांच्या खोलीत जेवायला गेले आणि दोनशे मुले वडापाव घेऊन एस.टी. स्टँडकडे निघाली.

त्या दोनशेपैकी एकाही मुलाला त्या दिवशी एकही वाक्य बोलावे लागले नाही. सोहळा उत्तम झाला. मेळावा मात्र झालाच नाही.

चहाच्या कपाभोवती

आपल्याकडे असे मानले जाते, की विज्ञान हे एकट्याचे काम. एकांतात बसलेला, केस विस्कटलेला शास्त्रज्ञ आपल्या डोळ्यांसमोर असतो. प्रत्यक्षात जीवशास्त्र आणि वैद्यक यांतले कितीतरी मोठे शोध दोन अनोळखी माणसे भेटल्यामुळे लागले आहेत.

१९५१ साली नेपल्समध्ये एक परिषद भरली होती. जेम्स वॉटसन नावाचा तेवीस वर्षांचा एक तरुण तिथे शेवटच्या रांगेतल्या श्रोत्यासारखाच गेला होता. मॉरिस विल्किन्स यांनी तिथे डीएनएचे क्ष-किरणांनी घेतलेले एक चित्र दाखवले आणि वॉटसनच्या आयुष्याची दिशा बदलली. दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, डीएनएच्या दुहेरी पिळाची रचना प्रसिद्ध झाली.

१९९७ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांची ओळख कुठे झाली? झेरॉक्सच्या मशीनपाशी. दोघांनाही शोधनिबंधांच्या प्रती काढायच्या होत्या. एकाला लस बनवायची होती आणि दुसरीला आरएनए नावाचा रेणू बनवता येत होता. त्या गप्पांतून जे काम उभे राहिले, त्याच्या पायावर करोनाच्या आरएनए लशी तयार झाल्या. २०२३ चे वैद्यकाचे नोबेल या दोघांना मिळाले.

आणि मार्च २०११ मध्ये प्वेर्तो रिको बेटावरच्या सान हुआन शहरात सूक्ष्मजीवशास्त्राच्या परिषदेसाठी आलेल्या जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पांतिए एकमेकींना पहिल्यांदा भेटल्या. जुन्या शहराच्या गल्ल्यांतून बोलत बोलत फिरल्या आणि एकत्र काम करायचे ठरले. पुढच्याच वर्षी जनुकांमध्ये हवा तिथे काप घेण्याच्या तंत्रावरचा त्यांचा निबंध आला. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघींना मिळून मिळाले. गंमत म्हणजे त्यांनी जे तंत्र शोधले, ते जिवाणू फाजपासून स्वतःचे रक्षण कसे करतात, याच अभ्यासातून निघाले. माझ्या नाल्यातल्या पाण्यातले ते फाज! हे वाचले त्या दिवशी मी बराच वेळ गॅलरीत नुसती बसून होते.

यावरून कोणी असे समजू नये, की परिषदेला गेले म्हणजे नोबेल मिळते. मुद्दा इतकाच, की या माणसांना आपण काय करतो ते समोरच्याला सांगता आले आणि समोरच्याला काय येते ते ऐकून घेता आले.

लांबच्या ओळखी

माणसांना नोकऱ्या नेमक्या कशा मिळतात, याचा अभ्यास मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या एका उपनगरात केला आणि १९७३ साली प्रसिद्ध केला. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना त्याने विचारले, की ज्याच्याकडून खबर मिळाली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे? आपल्याला वाटेल, जवळचा मित्र, भाऊ, मेहुणा. पण नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून खबर मिळालेले शंभरात फक्त सतरा निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळालेले छप्पन्न. आणि क्वचितच भेटणाऱ्याकडून मिळालेले अठ्ठावीस.

कारण उघड आहे. आपल्या जवळच्या माणसांना जे ठाऊक असते, ते आपल्याला आधीच ठाऊक असते. नवी खबर येते ती दुसऱ्या आळीतून. हाच प्रश्न २०२२ साली नव्याने तपासला गेला. त्या वेळी दोन कोटी लोकांच्या माहितीचा आधार घेतला होता आणि निष्कर्ष साधारण तोच निघाला. फार जवळच्यांपेक्षा थोड्या लांबच्या ओळखीच नवी नोकरी मिळायला अधिक उपयोगी पडल्या.

आता हे आपल्या घरांना लावून पाहा. ज्या मुलाची आत्या डॉक्टर आहे, काका औषध कंपनीत आहे, शेजारी विद्यापीठात शिकवतो, त्याला लांबच्या ओळखी जन्मतःच मिळतात. दिवाळीच्या फराळाला बसल्या बसल्या त्याला कळते, की अमुक संस्थेत उन्हाळ्यात मुलांना घेतात. ज्या मुलीच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच, तिला हे सांगणार कोण? तिच्यासाठी मेळावा हाच फराळ.

हे केवळ आपले दुखणे आहे असे नाही. अमेरिकेत ज्या समाजांतली मुले जैववैद्यकीय संशोधनात फारशी पोहोचत नव्हती, त्यांच्यासाठी २००१ पासून दरवर्षी स्वतंत्र परिषद भरू लागली. कॉलेजातली मुले तिथे आपल्या कामाचे पोस्टर लावून उभी राहतात, मोठ्या विद्यापीठांचे प्रतिनिधी त्यांच्यापुढे थांबतात आणि विचारतात, तू काय करतोस? तिथल्या माणसांनाही कळले, की गुणपत्रिका सगळे बोलत नाही.

वशिला नव्हे

इथे आपल्या मध्यमवर्गीय मनाला एक शंका येते. माझ्या वडिलांनाही आली असती. ते म्हणत, “आपण आपले मार्क मिळवावेत. कोणाच्या दारात उभे राहू नये.” ओळख म्हटले की आपल्याला वशिला आठवतो. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वशिल्याने एकाची जागा दुसऱ्याला मिळते. ओळखीने जागा आहे हे कळते, ती मिळवायची स्वतःच्या कर्तृत्वानेच. वशिला बंद दाराआड चालतो. ओळख भर सभेत, चहाच्या टेबलापाशी, सगळ्यांदेखत होते. आणि खरे सांगायचे तर ज्यांच्याकडे वशिला आहे त्यांना मेळाव्याची गरज नसते. ज्यांच्याकडे नाही त्यांनाच ती असते.

डॉ. कमल रणदिवे यांचे उदाहरण घ्या. पुण्यात वाढलेल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या या बाईंनी मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. मिळवली. मग त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याचे तंत्र त्या तिथे शिकल्या. परत येऊन त्यांनी परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्या तंत्राची प्रयोगशाळा उभी केली. त्या काळात एवढे करणाऱ्या बाईने स्वस्थ बसायला हरकत नव्हती. पण १९७३ साली त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. या संघटनेने वाशीला वसतिगृह आणि पाळणाघरही चालवले. काम करणाऱ्या बाईला दुसऱ्या काम करणारीची ओळख हवी आणि त्या ओळखीबरोबर मूल सांभाळायला जागाही हवी, हे त्यांना स्वानुभवाने माहीत असणार. याला कोणी वशिला म्हणेल काय?

आपल्याकडे चांगली परंपराही आहे. १९७० च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या ओबेद सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाबळेश्वरला आधुनिक जीवशास्त्राचे परिसंवाद सुरू केले. २००९ पासून देशात तरुण जीवशास्त्रज्ञांची एक वार्षिक बैठक भरते. नुकतेच नोकरीला लागलेले प्राध्यापक, नोकरीच्या शोधातले संशोधक आणि संस्थांचे संचालक तिथे काही दिवस एकत्र राहतात. एका टेबलावर जेवतात. भाषणापेक्षा जेवण महत्त्वाचे, हे तिथे उमगलेले आहे. पण हे सगळे पीएच.डी. झालेल्यांसाठी. तालुक्याच्या कॉलेजातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातली मुलगी तिथपर्यंत पोहोचण्याआधीच गळालेली असते.

माझी चूक

आता एक गोष्ट सांगते, ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. २००४ च्या सुमारास माझ्या वर्गात एक मुलगी होती. वडिलांचा तीन एकर ऊस. प्रयोगवहीतली तिची चित्रे अशी, की मी ती पुढच्या वर्गांना दाखवत असे. सूक्ष्मदर्शकातून तिला दिसे ते मलाही चटकन दिसत नसे. निकालाच्या आधी ती स्टाफरूमच्या दाराशी आली आणि म्हणाली, “मॅडम, पुढं काय करू?”

मी म्हणाले, “बी.एड. कर. नोकरी लागेल.”

मी वाईट सांगितले असे नाही. मला जेवढे माहीत होते तेवढे सांगितले. पण मला माहीत होते ते किती थोडे! दोन वर्षांनी ग्रंथालयातले एक जुने फाइल चाळताना मला एका विज्ञान अकादमीचे परिपत्रक सापडले. पदवीच्या मुलांना उन्हाळ्यात दोन महिने नामवंत प्रयोगशाळेत काम करायला मिळेल, विद्यावेतनही मिळेल, असे त्यात होते. ते आमच्या कॉलेजात तिच्या शेवटच्या वर्षातच आले होते. कोणीतरी त्यावर ‘फाइल’ असा शेरा मारला होता आणि त्याप्रमाणे ते फाइल झाले होते. मी स्वतःही सूचनाफलकापलीकडे कधी पाहिले नव्हते.

ती मुलगी बी.एड.ला गेली नाही. तिने डी.एम.एल.टी. केले. आज तालुक्यात तिची स्वतःची रक्तलघवी तपासण्याची लॅब आहे. तिचे उत्तम चालले आहे. तरीही ते परिपत्रक मला अजून दिसते.

वेगळा मेळावा

दोन वर्षांपूर्वी आम्ही चार निवृत्त शिक्षकांनी ठरवले, की एकदा वेगळ्या पद्धतीने करून पाहू. एका कॉलेजने वर्ग दिले. दीप नाही, शाल नाही, व्यासपीठ नाही. बारा टेबले मांडली. प्रत्येक टेबलामागे याच परिसरातून शिकून गेलेला एक माजी विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी. कोणी पुण्यात पीएच.डी. करत होती, कोणी लस बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासत होता. कोणी मोठ्या इस्पितळात नव्या औषधांच्या चाचण्यांच्या नोंदी ठेवत होती, तर कोणी औषधांच्या दुष्परिणामांची छाननी करणाऱ्या कंपनीत होता. ‘प्रमुख पाहुणे’ मुद्दामच बोलावले नाहीत. वीस वर्षे पुढे गेलेल्यापेक्षा दोन वर्षे पुढे गेलेला माणूस अधिक उपयोगी पडतो. अर्ज भरताना कुठे अडते ते त्याला अजून आठवत असते.

पाच-पाच मुलांचे गट केले. दर दहा मिनिटांनी शिपाईमामा शाळेची घंटा वाजवत आणि गट पुढच्या टेबलाकडे सरके. नियम एकच. टेबलावर बसल्यावर आधी प्रत्येकाने दोन वाक्यांत आपण काय करतो ते सांगायचे. ‘काही नाही’ म्हणायला बंदी.

पहिल्या टेबलावर शांतता. तिसऱ्या टेबलापासून गलका सुरू झाला. एका मुलाने थेट विचारले, “दादा, पीएच.डी. करताना फी किती भरावी लागते?” त्या दादाने सांगितले, की नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर उलट आपल्यालाच पैसे मिळतात. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार रुपये, नंतर ४२ हजार. सगळ्यांना ती मिळत नाही, अभ्यास कसून करावा लागतो आणि पैसे कधीकधी उशिरा येतात, हेही त्याने लपवले नाही. मागे काही पालक उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा बदल मी पाहिला. ‘अजून पाच वर्षे पोरगा आपल्या जिवावर शिकणार’ ही भीती कितीतरी घरांत मुलांच्या संशोधनाच्या आड येते. कोणत्याही भाषणाने न गेलेली ती भीती एका आकड्याने कमी झाली.

दुसरीकडे एका मुलीला कळले, की देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून आजही ती उन्हाळी शिष्यवृत्ती देतात आणि शिक्षकही तिला अर्ज करू शकतात. एम.बी.बी.एस.च्या मुलांना कळले, की आयसीएमआरची दोन महिन्यांची विद्यार्थी-संशोधन योजना १९७९ पासून आहे. पुण्याजवळच्या मुलांनाही हे नवे होते, की राष्ट्रीय विषाणू संस्था, आघारकर संस्था, पेशीविज्ञान केंद्र, रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर एका दिवसात रिक्षाने फिरून बाहेरून पाहता येतात. आणि आत जायचे असेल तर एक नीट लिहिलेले पत्र पुरेसे ठरू शकते.

खर्च किती आला? चहा, पोहे आणि पाहुण्यांचे एस.टी.चे भाडे. शालींच्या बजेटपेक्षा कमी.

पालकांसाठी आणि मुलांसाठी

एक इशारा दिला पाहिजे. मेळाव्यांबरोबर त्यांचा बाजारही आला आहे. मुलांकडून भरमसाट शुल्क घ्यायचे, ‘आंतरराष्ट्रीय परिषद’ असे नाव द्यायचे आणि प्रमाणपत्र हातात ठेवायचे, असले धंदे चालतात. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. वक्ते कोण आहेत आणि ते खरोखर येणार आहेत का? मुलांना बोलायला वेळ ठेवला आहे का? आणि आपल्या शिक्षकांपैकी कोणी तिथे पूर्वी गेले आहे का? ‘प्रमाणपत्र मिळेल’ ही ओळ सर्वांत मोठ्या अक्षरांत असेल तर सरळ घरी बसावे.

मुलांनी काय करावे? जाण्यापूर्वी आपले काम दोन वाक्यांत, आजीला कळेल असे बोलून पाहावे. इंग्रजी कच्चे असेल तर मराठीत बोलावे. समोरचा शास्त्रज्ञ बहुधा कुठल्या तरी छोट्या गावातूनच आलेला असतो. ‘मला नोकरी द्या’ असे म्हणण्यापेक्षा ‘तुम्ही माझ्या वयाचे असताना काय केलेत?’ असे विचारावे. आणि घरी आल्यावर आठवड्याच्या आत आभाराचे चार ओळींचे पत्र पाठवावे. ओळख होते भेटीत, पण टिकते पत्राने.

आणि पालकांनी? मुलीला दोन रात्रींच्या प्रवासाला पाठवताना पोटात गोळा येतो, हे मी जाणते. मुक्काम कुठे, सोबत कोण, हे जरूर विचारा. तीनदा विचारा. पण विचारून झाल्यावर पाठवा. तिकिटाचे ते पैसे क्लासच्या फीइतकेच शिक्षणाचे पैसे आहेत.

त्या आमच्या मेळाव्याला मागच्या दारापाशी एक बाई उभ्या होत्या. मी ओळखले. उसाच्या शेतावरची माझी तीच विद्यार्थिनी. तिची मुलगी आता बी.एस्सी.ला आहे, तिला घेऊन आली होती. मी तिला बाजूला घेतले आणि त्या परिपत्रकाची गोष्ट सांगितली. म्हटले, “चूक माझी होती गं.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मॅडम, मला वाईट एवढंच वाटतं, की असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. ठाऊक असून नसते गेले तर वेगळी गोष्ट.”

याला उत्तर नाही. सांत्वन करण्याचा प्रयत्नही मी केला नाही. पलीकडे सातव्या टेबलावर तिची मुलगी हात हलवत काहीतरी सांगत होती. काय ते ऐकू येत नव्हते. मात्र समोरचा माणूस पेन काढून लिहून घेत होता.

एवढ्यासाठी कॉलेजांनी आणि प्राध्यापकांनी वाट पाहत बसण्याचे कारण नाही. हे घरातही करता येते. आज रविवार आहे. घरात कोणी कॉलेजात शिकणारे असेल, भाचा, पुतणी, शेजारचे पोर, तर त्याला मार्क विचारू नका. ‘सध्या तू काय करतेस?’ एवढेच विचारा. ती ‘काही नाही’ म्हणेल. तेव्हा हसून कप ठेवून उठू नका. थोडे थांबा आणि पुन्हा विचारा.